पायरी उतरल्याचे पुण्य

राजघराण्यातल्या माणसांवर लोक जो जीव ओवाळून टाकतात, त्यास ती माणसे पात्र असतात काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोणी विचारलाच, तर त्याची बोळवण दोन ठरावीक उत्तरांनी केली जाते. पहिले उत्तर असे की, प्रेम हा लोकांच्या खुशीचा मामला आहे, त्यात पात्रापात्रतेचा हिशेब कसला मांडता? दुसरे असे की, अमुक राजवधू किंवा तमुक राणी खरोखरच थोर मनाची होती, तेव्हा लोकांनी तिच्यावर प्रेम केले यात वावगे ते काय? ही दोन्ही उत्तरे एकमेकांशी विसंगत आहेत. पहिले म्हणते, पात्रता विचारू नका. दुसरे म्हणते, पात्रता आहेच. तरीही एकच माणूस एका दमात दोन्ही उत्तरे देतो, यावरून मूळ प्रश्न किती अडचणीचा आहे याची कल्पना यावी.

वाद घालताना प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम बाजू समोर ठेवावी आणि मगच तिचे खंडन करावे, हा आपल्याकडील पूर्वपक्षाचा जुना दंडक आहे. म्हणून येथे एखाद्या ऐतखाऊ राजपुत्राचे उदाहरण न घेता डायना स्पेन्सर हिचे घेतो. राजघराण्यात येऊन लोकांचे प्रेम खऱ्या अर्थाने कमावले असे जिच्याबद्दल म्हणता येईल, अशी गेल्या शतकातली हीच एक व्यक्ती. निदान तसा सार्वत्रिक समज आहे. तिच्या बाबतीत हा भक्तिभाव समर्थनीय ठरला नाही, तर इतरांच्या बाबतीत तो ठरण्याची शक्यता फारच कमी.

डायनाच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून जे छायाचित्र नेहमी पुढे केले जाते, ते एप्रिल १९८७ मधले आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी उघडलेल्या विशेष कक्षाच्या उद्‌घाटनास ती गेली होती. हातमोजा न घालता तिने एका रुग्णाशी हस्तांदोलन केले. स्पर्शाने हा रोग होतो अशी धास्ती त्या काळी सुशिक्षितांतही होती, आणि या एका हस्तांदोलनाने ती धास्ती पुष्कळ अंशी ओसरली, हे कोणीही नाकारू नये. कृती चांगली होती, तिचा परिणामही चांगला झाला. मात्र त्या छायाचित्रात रुग्णाचा चेहरा दिसत नाही. तो पाठमोरा आहे. ओळख पटली तर समाज आपले काय करील याची भीती त्या काळी प्रत्येक रुग्णास होती, म्हणून चेहरा न दाखवण्याच्या अटीवरच तो छायाचित्राला राजी झाला. एकाच क्षणी, एकाच चौकटीत दोन माणसांचे हात एकमेकांत आहेत. ओळखले जाणे एकीच्या कीर्तीत भर घालते. दुसऱ्याला तेच परवडणारे नाही. या दोघांत धैर्य कोणाचे अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे. जगाने आपला निर्णय केव्हाच देऊन टाकला आहे.

याच्या चार वर्षे आधी, १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयात ‘५ बी’ नावाचा कक्ष सुरू झाला होता. तेथील परिचारिका आणि परिचारक एड्सच्या रुग्णांना रोज स्पर्श करीत होते, त्यांचे हात हातात घेत होते, मरणाच्या वेळी उशाशी बसत होते. त्या वेळी या रोगाविषयीचे ज्ञान १९८७ पेक्षा कितीतरी तोकडे होते. म्हणजे धोका पत्करण्याचे मोल अधिक होते. या मंडळींपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला हे विस्मरणाबद्दलची खंत म्हणून सांगायचे नाही. जग कोणाकोणाला लक्षात ठेवणार, हा प्रश्न रास्तच आहे. माझा प्रश्न मोजमापाचा आहे. एकाच प्रकारची कृती, एकीकडे रोज केलेली आणि दुसरीकडे काही क्षणांची. तरी दुसरीचे वजन पहिलीच्या हजारपट कशामुळे भरते?

याचे उत्तर एकच संभवते. आपण कृती मोजत नाही, उतार मोजतो. माणूस किती उंचीवरून खाली उतरला, यावर त्याच्या स्पर्शाची किंमत ठरते. परिचारिका ज्या पायरीवर उभी आहे तेथून रुग्णाच्या खाटेपर्यंत उतरण्याजोगे काही नाही, म्हणून तिच्या वाट्याला पगार. राजवधू उतरून आली, म्हणून तिच्या वाट्याला पूजा. आता ही उंची आली कोठून? ती तिने मिळवलेली नव्हती. जन्माने आणि लग्नाने तिला लाभली होती. तात्पर्य, ज्या गोष्टीचे श्रेय तिला कोणत्याही तर्काने देता येत नाही, नेमक्या त्याच गोष्टीच्या प्रमाणात आपण तिच्या चांगुलपणाचे माप फुगवतो. आणि हे माप वापरताना ती उंची असणे योग्यच आहे, हे न बोलता मान्य करून टाकतो. उतरण्याचे कौतुक करणारा माणूस पायऱ्यांचा जिना जपून ठेवतो.

मराठी वाचकास येथे नाथांची कथा आठवणे साहजिक आहे. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या कथेतही मुलाला नाव नाही, हे खरे. परंतु एक मोठा फरक आहे. आपल्या वर्तनाची किंमत नाथांना पैठणच्या ब्रह्मवृंदाच्या रोषाच्या रूपाने मोजावी लागली, असे तीच परंपरा सांगते. त्यांचे उतरणे त्यांच्या प्रतिष्ठेला महाग पडले. राजघराण्यातील व्यक्तीच्या उतरण्याने मात्र तिची प्रतिष्ठा वाढते. ज्या त्यागाने त्याग करणाऱ्याचा साठा वाढतच जातो, त्याला दुसरे काही नाव असावे.

दुसरे उदाहरण अंगोलाचे. जानेवारी १९९७ मध्ये डायना चिलखती कोट आणि चेहऱ्यावर पारदर्शक कवच चढवून भूसुरुंगांच्या पट्ट्यातून चालली. तिच्यामुळे जगाचे लक्ष भूसुरुंगांकडे गेले, असे सांगतात, आणि ते बव्हंशी खरे आहे. पण भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम १९९२ पासून उभी होती. अनेक देशांतील संघटनांना पत्रे लिहून, सरकारांच्या मागे लागून तिने त्या प्रश्नाची जमीन नांगरून ठेवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावा येथे भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक या मोहिमेस आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना विभागून मिळाले. नोबेल मिळूनही हे नाव आज किती जणांच्या ओठांवर आहे? सुरुंग शोधण्याचे काम करणारी स्थानिक माणसे तर त्या पट्ट्यात रोज गुडघे टेकून बसत होती; डायना ज्या वाटेने चालली, ती वाट आधी त्यांनीच निर्धोक करून दिली होती.

यावर समर्थकांचे उत्तर तयार असते: प्रसिद्धीचा तिने सत्कार्यासाठी उपयोग केला ना? मग झाले! केला, याबद्दल तिचे आभार मानावेत. परंतु साधन उपयुक्त असणे आणि ते पूजनीय असणे यांत अंतर आहे. कॅमेरा तिच्यावाचून अंगोलाला जायला तयार नव्हता, हे तिचे मोठेपण म्हणून सांगितले जाते. वास्तविक हा कॅमेऱ्याचा, आणि तो ज्यांच्यासाठी चालतो त्या आपला, करंटेपणा आहे. हात-पाय गमावलेली मुले तेथे आधीही होतीच. सोनेरी केसांची एक स्त्री त्यांच्या शेजारी बसेपर्यंत ती आपल्याला दिसली नाहीत. आपल्याच आंधळेपणावर लागू पडलेल्या औषधाची आपण पूजा मांडली आणि आंधळेपणाबद्दल अवाक्षर काढले नाही.

आता या भक्तीची दुसरी, अधिक नाजूक बाजू पाहू. लोक म्हणतात, तिने केलेल्या कामांमुळे आम्ही तिच्यावर प्रेम केले असे नाही. ती दुःखी होती, एकाकी होती, आमच्यासारखीच होती, म्हणून केले. साहित्याच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी कान टवकारले पाहिजेत. आवडती राणी आणि नावडती राणी यांच्या कहाण्या ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. नावडती गुरांच्या गोठ्याशेजारी राहते, उष्टेमाष्टे खाते, आणि ऐकणाऱ्याचे सारे मन तिच्याकडे ओढ घेते. २९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये वीस वर्षांच्या मुलीचे लग्न दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांनी पाहिले, तेव्हा परीकथेचा एक साचा वापरात होता; संसार विसकटल्यावर नावडतीचा साचा पुढे आला, इतकेच. चार्ल्सची मैत्रीण कॅमिला हिच्या वाट्याला अर्थातच आवडतीची, म्हणजे कहाणीतील दुष्ट राणीची, भूमिका आली.

ही कथा रचणारे हात अनेक होते, आणि त्यांत डायनाचाही हात होता. १९९२ मध्ये अँड्र्यू मॉर्टन यांनी लिहिलेले तिचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यासाठी तिने स्वतःच ध्वनिफितींवर मजकूर पुरवला होता, हे तिच्या मृत्यूनंतर उघड झाले. नोव्हेंबर १९९५ मधील बीबीसीवरील मुलाखत तर गाजलीच. ती मिळवण्यासाठी मुलाखतकाराने लबाडीचा मार्ग अवलंबला होता, असा निष्कर्ष लॉर्ड डायसन यांच्या चौकशीने २०२१ मध्ये काढला. म्हणजे आपण जिला जवळून ओळखतो असे समजत होतो, ती व्यक्ती तिने स्वतः, वृत्तपत्रांनी, राजवाड्याच्या प्रसिद्धी विभागाने आणि एका लबाड मुलाखतकाराने मिळून लिहिलेली संहिता होती. संहितेवर प्रेम करण्यात गैर काही नाही; आपण सारे तेच करत आलो आहोत. मात्र कादंबरीतल्या नायिकेसाठी रडणारा वाचक तिच्या घराबाहेर ठाण मांडून बसत नाही, आणि आपल्या अश्रूंच्या बदल्यात तिच्याकडे काही मागतही नाही.

हे साचे किती पक्के असतात आणि माणसे किती बदलता येतात, याचा पुरावा तिच्या अंत्यविधीतच मिळतो. ६ सप्टेंबर १९९७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये एल्टन जॉन यांनी जे शोकगीत गायिले, ते १९७३ साली मुळात मर्लिन मन्रो या दिवंगत अभिनेत्रीवर रचलेले गीत होते. शब्द बदलले, चाल तीच राहिली. जगात सर्वाधिक खपलेल्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकांत त्याची गणना होते. एका मृत स्त्रीसाठी लिहिलेला विलाप दुसरीच्या अंगाला काही फेरफारांनिशी बसतो, आणि कोट्यवधी लोकांना त्यात खटकण्याजोगे काही आढळत नाही! शोक अस्सल होता. तो विशिष्ट व्यक्तीसाठी होता काय, याविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे. साचे उलटतातही. १९९७ मध्ये जिचे नाव काढणे अशुभ होते, त्या कॅमिलाच्या मस्तकावर ६ मे २०२३ रोजी राणीचा मुकुट ठेवला गेला, तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा त्याच देशातली माणसे झेंडे फडकवत होती.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. राजघराण्याला मिळणारे प्रेम कर्तृत्वानंतर येत नाही, आधी येते. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुकादम मजुराला उचल देतो, तशी ही उचल आहे. फरक एवढाच की मजुराची उचल त्याच्या अंगमेहनतीतून कापून घेतली जाते आणि राजपुत्राची बहुधा माफ होते. एडवर्डचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात, युवराज असताना, त्याच्याइतका लाडका राजपुत्र जगात दुसरा नव्हता. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी तो मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या स्वागताला गेलेले आणि त्याच्यावर बहिष्कार घालणारे यांच्यातील संघर्षात शहर काही दिवस धुमसत राहिले, पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि गांधींनी उपोषण आरंभले. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये या लाडक्या राजाने गादी सोडली आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये जर्मनीस जाऊन हिटलरची भेट घेतली. कोट्यवधींच्या प्रेमाने या माणसाविषयीचे कणभर ज्ञानही त्यांना दिले नव्हते. अलीकडचे उदाहरण अँड्र्यूचे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हेलिकॉप्टर चालवून परतलेल्या या राजपुत्राचे ब्रिटनने वीर म्हणून स्वागत केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची राजपुत्र ही पदवीही काढून घेण्याची प्रक्रिया त्याच्याच भावाला सुरू करावी लागली. जी पदवी जन्मताच मिळाली होती ती हिरावून घेण्यास पासष्ट वर्षे लागली, यावरून या उचलीची वसुली किती दुर्मीळ आहे ते समजते.

कोणी म्हणेल, एलिझाबेथचे काय? सत्तर वर्षे अव्याहत कर्तव्य बजावलेच ना तिने? बजावले, आणि तिच्या चिकाटीबद्दल आदर वाटण्यास हरकत नाही. परंतु जिथून काढून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही, जिथे घर, सेवक आणि मानमरातब आमरण निश्चित आहेत, अशा पदावर टिकून राहण्याला ‘त्याग’ म्हणायचे झाले, तर निवृत्तिवेतनाशिवाय चाळीस वर्षे झाडू मारणाऱ्या माणसासाठी भाषेत वेगळा शब्द घडवावा लागेल. सप्टेंबर २०२२ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तिच्या शवपेटीचे दर्शन घेण्यास सुमारे अडीच लाख लोक आले. रात्रभर रांगेत उभे राहिले. त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. रांगेतल्या कित्येकांच्या मनात आपल्या गेलेल्या आईचा, आजीचा शोक असेल, आणि आधुनिक शहराने त्याला रडायला दुसरी जागा ठेवली नसेल. शोक खरा आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर पोचवला जातो, आणि त्या पत्त्यावर राहणारे घराणे त्यावर आपली सत्ता पोसते.

सत्ता हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. या व्यवस्थेचा सर्वांत बुद्धिमान समर्थक वॉल्टर बॅजट याने १८६७ साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो काहीही लपवून ठेवत नाही. राज्यकारभाराची दोन अंगे तो सांगतो: एक प्रत्यक्ष काम करणारे, दुसरे दिपवणारे. सामान्य जनांना विचार कळत नाहीत, व्यक्ती कळतात. सिंहासनावर एक कुटुंब दिसले की त्यांचे मन तेथे गुंतते आणि राज्य सुखाने चालते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय. राजघराण्यावर जीव टाकणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा वाचावे, म्हणजे आपला वकील आपल्याविषयी खासगीत काय मत बाळगतो ते कळेल. त्याच्याही आधी टॉमस पेनने १७९१ मध्ये एक साधा दृष्टान्त दिला होता: वंशपरंपरेने गणिती होणे जितके हास्यास्पद, वंशपरंपरेने राजकवी होणे जितके हास्यास्पद, तितकेच वंशपरंपरेने कायदे करणारा होणे. राजकवीचे पद निदान जन्माने मिळत नाही. आणि तरीही त्या पदाने कवींचे काय होते, ते पाहावे. राणीच्या निधनानंतर २०२२ मध्ये विद्यमान राजकवी सायमन आर्मिटेज यांनी ओळींच्या आद्याक्षरांतून तिचे नाव उमटेल अशी कविता लिहिली. संस्कृत चित्रकाव्यात आणि दरबारी प्रशस्तींत असे अक्षरखेळ आपण शिकवतो, आणि ते शिकवताना काव्याच्या ऱ्हासाबद्दल चार शब्द बोलतो. लंडनमध्ये घडले म्हणून ते आधुनिक ठरत नाही.

‘लोकांच्या खुशीचा मामला’ या पहिल्या उत्तराचा समाचार घ्यायचा राहिला आहे. खुशीचा मामला असता, तर त्याचा खर्च खुशीने गोळा झाला असता. एलिझाबेथच्या अंत्यविधीवर आणि संबंधित कार्यक्रमांवर ब्रिटिश सरकारचे सुमारे १६ कोटी २० लाख पौंड खर्च झाले. चार्ल्सच्या राज्याभिषेकावर सुमारे ७ कोटी २० लाख पौंड. हे पैसे ज्यांना राजा नको आहे त्यांच्याही करातून आले. उलट राजाकडून राजाकडे जाणाऱ्या वारशावर वारसाकर लागत नाही. आणि न मानण्याची मुभा? सप्टेंबर २०२२ मध्ये संसदेसमोरच्या चौकात एक वकील कोरा कागद हातात धरून उभा राहिला. त्यावर हा माझा राजा नव्हे असे लिहिल्यास अटक होऊ शकते असे पोलिसांनी आपल्याला बजावले, असे त्याने सांगितले. राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये पन्नासहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांत प्रजासत्ताकवादी निदर्शकांचे प्रमुखही होते. त्यांना आरोप न ठेवता सोडून देण्यात आले आणि पोलिसांनी मागाहून खेद व्यक्त केला. घोषणा देण्याचा दिवस मात्र तोवर मावळला होता. कोऱ्या कागदाला जे प्रेम भिते, त्याच्या स्वेच्छेविषयी फार बोलू नये हे बरे.

आणि या प्रेमाचा सर्वांत जड भार ज्यांच्यावर ते केले जाते त्यांनाच वाहावा लागतो. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅरिसमधील बोगद्यात डायनाची मोटार आदळली. २००८ साली लंडनमधील न्यायचौकशीत ज्यूरीने चालकाच्या आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या घोर बेपर्वाईला तिच्या मृत्यूचे कारण ठरवले. पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांना पैसे वृत्तपत्रे देत होती, आणि वृत्तपत्रांना पैसे देणारे वाचक पुढच्याच आठवड्यात राजवाड्याच्या फाटकाशी फुलांचे ढीग रचत होते. यातून कोणी काही शिकले असेल, तर २०२४ मध्ये ते दिसले नाही. त्या वर्षी जानेवारीत युवराज्ञी केट हिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती काही आठवडे लोकांसमोर आली नाही. तेवढ्यात तिच्या ठावठिकाण्याविषयी नाना वावड्या उठल्या. मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटुंबिक छायाचित्रात फेरफार आढळले, तेव्हा जगभर जणू फौजदारी तपास सुरू झाला. अखेर २२ मार्च रोजी एका बाकावर बसून, आपल्याला कर्करोग झाल्याचे त्या तीन मुलांच्या आईला कॅमेऱ्यासमोर सांगावे लागले. मुलांना हे समजावून सांगायला आम्हांला वेळ हवा होता, अशा आशयाचे तिचे म्हणणे होते. तो वेळ तिच्याकडून हिसकावणारे लोक तिचे शत्रू नव्हते; तिच्यावर प्रेम असल्याचे सांगणारेच त्यांत पुष्कळ होते. ज्याला आपण न कमावता उचल दिली, त्याच्या आयुष्यावर आपला हक्क आहे असे देणाऱ्याला वाटू लागते. अपात्र भक्ती अशी दुधारी असते: ज्याला मिळते त्याला फुगवते आणि गिळतेही.

हा सारा परक्या देशाचा मामला आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये चार्ल्सने चर्चगेट येथे मुंबईच्या डबेवाल्यांची भेट घेतली आणि एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या प्रतिनिधींना आपल्या लग्नाचे निमंत्रण दिले. डबेवाल्यांनी ते अगत्याने स्वीकारले, यात त्यांची सभ्यता दिसते. प्रश्न आपल्या वृत्तपत्रांचा आहे. शंभराहून अधिक वर्षे या माणसांनी ऊन-पावसात, लोकलच्या गर्दीत, खुणांच्या भाषेवर चालणारी जी अचूक व्यवस्था राबवली, ती एका युवराजाने वीस मिनिटे न्याहाळल्यावर ‘जगाने दखल घेतली’ असे मथळे आले. यात गौरव डबेवाल्यांचा झाला, की न्याहाळणाऱ्याचा? तेथेही आपण उतारच मोजला.

याच्या उलट एक प्रसंग याच महाराष्ट्रात घडलेला आहे. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जडजवाहीर घालून आलेल्या निमंत्रितांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात येऊन बसले, आणि बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी राजपुत्राला सांगितले की, ही दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यात आहे, ती तेथे जाऊन पाहावी, आणि तिच्या शिक्षणाची सोय करण्यास आपल्या मातोश्रींना सांगावे. जोतीराव इंग्रजी राज्याचे वैरी नव्हते, आणि त्यांनी पाहुण्याचा अपमानही केला नाही. राजपुत्राकडे त्यांनी निरोप पोचवू शकणारा आणि जबाबदारी असलेला माणूस म्हणून पाहिले. राजपुत्र किती उतरून आला, याचे कौतुक त्यांना नव्हते. आपल्याला काय सांगायचे आहे आणि ते ऐकण्याचे कर्तव्य समोरच्यावर आहे, एवढेच त्यांच्या मनात होते. राजघराण्याशी वागण्याची याहून सभ्य आणि स्वाभिमानी रीत मला माहीत नाही.

असो. डायनाला काय द्यावे, याचा हिशेब आता मांडता येईल. एका चांगल्या हस्तांदोलनाबद्दल आणि सुरुंगांच्या प्रश्नाला दिलेल्या बळाबद्दल कृतज्ञता. छत्तिसाव्या वर्षी दोन मुलांना मागे ठेवून गेलेल्या एका स्त्रीबद्दल हळहळ. तिच्या लग्नातल्या दुःखाबद्दल, जितके परक्या माणसाला शोभेल तितके, मौन. याहून अधिक जे काही आहे, ते तिच्या खाती जमा करण्यासारखे नाही. ते उंचीच्या खाती जाते, आणि उंची तिची नव्हती. वर्गात चरित्रे शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक सवय लावून घेतली तरी पुरे: कोणाच्याही सत्कृत्याची गोष्ट सांगताना, तीच कृती खालच्या पायरीवरच्या माणसाने केली असती तर आपण ती सांगितली असती काय, हे आधी स्वतःला विचारावे, आणि उत्तर नाही असे आले, तर त्या खालच्या पायरीवरच्या माणसाची गोष्ट शोधायला निघावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या कक्षातील परिचारिकांपासून सुरुवात करायला हरकत नाही.